फडक्याखालचे संगणक

सरकीचा वास आला की मला खामगावची ती जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणारी गिरणी, आठवते. तिथला म्हातारा सर्व्हर भर दुपारी अडला होता आणि दुरुस्तीला मला बोलावलं होतं. वजनकाट्याच्या पावत्या निघेनात, म्हणून कापसाचे ट्रॅक्टर फाटकाबाहेर तुंबले होते. डिस्क भरलेली दिसली, जुन्या फायली पुसून मी ऐटीत "झालं!" म्हणालो, तरी काट्यावरून लॉगिन होईना. सर्व्हर एका वेळी मोजक्याच लोकांना आत घेई आणि सगळ्या जागा अडल्यात असं दाखवत होता. त्यातल्या कुणाला बाहेर काढावं, तर त्याची अर्धवट नोंद बुडायची भीती. "आत बसलंय तरी कोण?" मी घाम पुसत पुटपुटलो. एवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी सर्व्हरच्या खोलीच्या दारात आल्या. "भाऊ, जरा बाहेर तं या." बाहेर कचेरीत कुणीच नव्हतं. रुईचा तूस बसू नये म्हणून प्रत्येकाने जेवायला जाताना संगणकावर फडकं टाकलं होतं. मावशी एकेक फडकं उचलत गेल्या आणि खाली सगळे संगणक चालूच! "हे लोकं झाकून देतेत अन् जेवाले जातेत. झाकलं म्हंजे बंद झालं काय?" अर्धवट नोंदी जतन करून मी एकेक लॉगआउट केलं आणि काट्यावर पहिली पावती निघाली. मावशी तोवर फडकी झटकून घड्या घालत होत्या. आता माझ्याकडे मोठमोठे सर्व्हर आहेत. त्यातला एखादा अडला की मी आधी खुर्चीतून उठतो.