कॅसेटची दुसरी बाजू

काल दुपारी मोबाईलवर एका जुन्या इंग्रजी रॉक बँडचं वीस मिनिटांचं गाणं लागलं. त्याखाली लोकांनी आपापल्या आठवणी लिहिल्या होत्या. कुणी म्हणे, असं पुन्हा कुणी वाजवलं नाही. कुणी म्हणे, नुसता पसारा. वाचता वाचता मी सालेकसाच्या आमच्या अंगणात जाऊन पोहोचले.

आई मोहफुलं वाळत घालत होती. त्यांचा गोड, आंबूस वास सगळीकडे भरला होता. दादा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आला होता आणि तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. शेवटी नागपूरला काम शोधायचं ठरवून त्याने बॅग भरली. गाडीला वेळ होता, म्हणून टेपवर याच गाण्याची कॅसेट लावली.

"काऊन रे, याच्यात गाणारा नाही काय?" आईने विचारलं.

"येईल ना. आता बाजा वाजून राहिला," दादा म्हणाला.

बाबा ओट्यावर डोळे मिटून बसले होते. गाणारा आला, गेला, मग पुन्हा कितीतरी वेळ नुसते सूर. टेप खट्कन थांबला. दादाने बॅग उचलली.

"दुसरी बाजू लाव," बाबा म्हणाले.

दादा बघतच राहिला. मग त्याने बॅग खाली ठेवून कॅसेट उलटली. ती संपायच्या आत स्टेशनातून गाडी सुटल्याचं ऐकू आलं, पण कुणीच उठलं नाही.

बाबांना इंग्रजी गाणी आवडतात, असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगत फिरले. आज वाटतं, त्यांनी त्यातलं फारसं काही ऐकलंच नसावं. त्यांना दादाला फक्त 'थांब' म्हणायचं होतं, आणि तेवढं काही त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.