रत्नप्रभेचं गाऱ्हाणं

"भावजी, येतलास की नाय तां एकदा सांगा. नारळ कवाचो देवापुढे ठेवलंय."

"वयनी, माका ह्या जमाचा नाय," गोरेगावहून धाकटा दीर श्यामकांत फोनवर कण्हला. "झील तुझो परक्यांच्या पलटणीत. सून खयच्या बेटावरची. रवळनाथाक काय म्हणान सांगू? आणि गुडघो पण दुखता माझो."

"गाऱ्हाणा काय गुडघ्यान घालतत, भावजी?"

रत्नप्रभेने फोन ठेवला.

मरोळच्या खोलीत डबे उघडे पडले होते. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना ती दुपारचं जेवण पोचवते. आज मात्र हात चालेना. तिचा सौरभ इंग्लंडच्या फौजेत आहे, आणि आज आठ महिन्यांसाठी तो कुठेतरी निघाला होता. कुठे, ते आईलाही सांगायची सोय नव्हती. असल्या वक्ताला कोकणी माणूस गावच्या देवाला, रवळनाथाला, गाऱ्हाणं घालतो. घरातला कर्ता बोलतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मागून होकार आला नाही तर गाऱ्हाणं लागत नाही. बोलणारा नवरा, जयवंत, चार वर्षांपूर्वी गेला. होकाराला तर घरात पालही नव्हती.

गेल्या साली सुनेच्या बाळंतपणाला ती तिकडे पाच महिने राहून आली होती. फौजेची घरं सगळी एका साच्यातली. पहिल्याच आठवड्यात दूध घेऊन परतली ती चुकून शेजारच्या स्वयंपाकघरात शिरून मीठ शोधत बसली. तिथली गोरी बाई बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी रत्नप्रभेने आपल्या दाराला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली, आणि मग एकटीच बाजारापर्यंत जाऊ लागली.

सून लितिया फिजी बेटावरची. दोघींना एकमेकींची भाषा ठो कळत नव्हती. पण पोरगी माशाचं डोकं हाताने फोडून चोखायची आणि नारळ खवायला फतकल मारून खाली बसायची. "ही आमच्या वाडीतलीच," असं रत्नप्रभेने मनाशी ठरवून टाकलं. एकदा लितियाचे काका-मामा आले. चटईवर बसले. म्हातारा खाली मान घालून गंभीरपणे काही बोलला आणि बाकीच्यांनी ओंजळ पोकळ धरून टाळ्या दिल्या. ठप, ठप, ठप. कोपऱ्यातल्या रत्नप्रभेच्या तोंडून आपसूक "व्हय म्हाराजा" निसटलं. लितिया तिच्याकडे बघून हसली होती.

फोन वाजला. पडद्यावर लितियाच होती, खांद्यावर पोर निजलेली. तिकडे अजून उजाडायचं होतं. तिने रिकाम्या पलंगाकडे बोट केलं. सौरभ गेला होता.

रत्नप्रभेने फोन तांदळाच्या डब्याला टेकवला, डोक्यावर पदर घेतला, आणि बाईमाणसाने कधी घातलं नव्हतं ते गाऱ्हाणं घातलं.

"बा रवळनाथा, लेकरू तुझा लांब गेला. ताची पलटण कोणाची तां बघू नको, ताची आई कोण तां बघ. जसो गेलो तसो हातापायान धड घराक आण रे म्हाराजा."

बाहेर कुणाच्या तरी मिक्सरची घरघर चालली होती.

मग फोनमधून आवाज आला. ठप, ठप, ठप. पोर खांद्यावर सांभाळत लितियाने पोकळ ओंजळीने टाळ्या दिल्या होत्या.

"आता नीज वायंच," रत्नप्रभा म्हणाली. ते तिला कळलं नसणार, पण तिने मान हलवली. फोन काळा झाला.

नारळ फुटला. प्रसाद खायला घरात कोणी नव्हतं. तिने एक तुकडा तोंडात टाकला, उरलेल्या दोन्ही वाट्या घेऊन खवणीवर बसली आणि डब्यातल्या आमटीसाठी खोबरं खवायला लागली.