वन्संना बाजूला बसवलेला फोटो

अळूची निम्मी पुडकी बांधून झाली होती आणि निम्मी पानं अजून चटईवर तशीच पसरलेली होती. पिसिला परसातल्या छपरीत मांडी घालून बसली होती. पानाच्या खोलग्यात कांदा, डब्यातलं खारं मांस, वर नारळाचं घट्ट दूध, मग चारी बाजूंनी पान दुमडून केळीच्या पानात बांधायचं. हे काम तिच्या हातांना झोपेतही जमलं असतं. उद्या पहाटे ही पुडकी उमूच्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर जायची आणि माणसं रविवारची उपासना करून देवळातून परत येईपर्यंत मऊ शिजून तयार असायची.

सवयीनं तिनं ढिगातली सगळ्यांत रुंद, कोवळी पानं निवडून बाजूला काढली. ही वन्संची. रविवारचं पहिलं पुडकं नवऱ्याच्या मोठ्या बहिणीकडे, फूसीकडे जायचं, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून चाललेलं. पानं बाजूला ठेवली आणि तिचा हात थांबला. मागच्या रविवारी ते पुडकं परत आलं होतं.

भांडण नाही, आवाज नाही. पिसिलाची लेक सियाले पुडकं घेऊन गेली आणि तसंच गरम गरम परत घेऊन आली. आत्या म्हणाली, आज आमच्याकडे पुष्कळ आहे. फूसीच्या घरी ती आणि तिचा गुडघ्यांनी अधू झालेला नवरा, दोघंच. त्यांच्याकडे पुष्कळ कुठून येणार हे पिसिलाला कळत होतं, आणि सियालेलाही. आणि यात सगळ्यांत जास्त अडणार होतं ते पोरीचंच. पुढच्या आठवड्यात ती बोटीत बसून आधी राजधानीला आणि तिथून ऑकलंडला परिचारिकेचं शिकायला निघणार होती. आत्यानं आपल्या हातानं कमरेला आजीची जुनी चटई बांधून दिल्याशिवाय या घराण्यातली मुलगी समुद्र ओलांडत नाही. तशी गेली, तर गेलेल्या मुलीला तिथे सुख लागत नाही, असं म्हणायला गाव मोकळं.

आणि हे सगळं एका फोटोपायी.

पाळकबाईंची भाची लाविनिया तिकडून शिकून आली होती. तिनं पावसाळ्यात महिला मंडळात फोटो काढायचा वर्ग घेतला. बायका हसत हसत गेल्या, पुढे हळूहळू गळाल्या. पिसिला मात्र चिकटली. लाविनियानं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून प्रत्येकीला एक चौकट करून दिली होती. तिला दोन दोरे आडवे, दोन उभे. त्यातून बघायचं. मुख्य वस्तू मधोमध ठेवायची नाही, दोरे जिथे एकमेकांना छेदतात तिथे ठेवायची. मधोमध ठेवली की डोळा तिथेच बसून राहतो, फिरत नाही. माणूस जिकडे बघतोय तिकडे मोकळी जागा सोडायची. एका बाजूला मोठं काही असलं तर दुसऱ्या बाजूला, लांबवर, लहानसं काहीतरी हवं, म्हणजे तोल राहतो. आणि कडा बघायच्या. कडेला काय घुसलंय ते बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

पिसिलाला जणू कुणी नवे डोळे बसवून दिले. ती चौकट तिनं छपरीत खिळ्याला टांगली आणि येता जाता त्यातून बघायला लागली. पातेलं, डुक्कर, दोरीवरचे कपडे, दुपारी तोंड उघडं टाकून झोपलेला नवरा. शेजारची कालो कुंपणावरून म्हणाली होती, "अगं पिसिला, देवानं दोन डोळे दिलेत ते काय कोंबड्यांना दाणे टाकायला?" पिसिला हसली होती. सकाळच्या प्रार्थनेत ती देवाचे आभार मानायची, की इतकी वर्षं समोर असून न दिसलेलं तू मला दाखवलंस. ते खरंही होतं. आता तेच आठवलं की कानशिलं तापायची.

मग सियालेचा एकविसावा वाढदिवस आला. हॉलमध्ये मागच्या भिंतीवर झाडाच्या सालीचं रंगवलेलं मोठं कापड ताणून लावलेलं, खाली चटया, आणि बरोबर मध्ये खुर्ची. तिच्यावर घड्या घातलेली सालीची कापडं, आणि त्यांवर फूसी. बापाच्या बहिणीची ती जागा. केकचा सगळ्यांत वरचा मजला तिचा, पहिला नमस्कार तिला, मुलगी तिच्या पायाशी. सियालेचा बाप लिसिआते बाहेर ओट्यावर बसला होता. भाऊ मोठ्या बहिणीबरोबर एका खोलीत बसत नाही, मग एका फोटोत कुठला.

पिसिलानं पाळकबाईंचा कॅमेरा डोळ्याला लावला. आत जे दिसलं ते देवळातल्या जुन्या फोटोंसारखं होतं. बाई मधोमध, कापडावरची नक्षी तिच्या डोक्यामागून शिंगांसारखी दोन्हीकडे फुटलेली, मुलगी तिच्या पायाशी, सगळं ठोकून बसवल्यासारखं. आणि डावीकडच्या खिडकीतून संध्याकाळचा इतका सुरेख उजेड येत होता. तो चटईवर नुसताच पडून होता, वाया.

कॅमेरा खाली न घेता ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही जरा तिकडे सरकता का? खिडकीकडे. मध्ये बरं दिसत नाही."

हॉलमध्ये एकदम शांतता पसरली असं नाही. पोरं ओरडत होती, बाहेर डुकरं भाजत होती. पण पुढच्या रांगेतल्या बायकांचे पंखे थांबले. फूसीनं पिसिलाकडे बघितलं, गुडघ्यावर हात टेकले आणि उठली. दोन पोरांनी खुर्ची उचलून खिडकीशी नेली. फूसी तिथे जाऊन बसली. सियाले तिच्या पायाशी गेली, मोकळ्या चटईकडे तोंड करून. मधली जागा रिकामी राहिली आणि पार उजवीकडे केक.

फोटो सुंदर आला. फूसीच्या गालावर खिडकीचा उजेड, सियाले पुढे पसरलेल्या रिकाम्या चटईकडे बघतेय, तिच्यापुढे जणू सगळं आयुष्य मोकळं पडलंय. लाविनियानं तो मोठा करून मंडळाच्या प्रदर्शनात लावला, आणि प्रदर्शन संपल्यावर पाळकबाईंनी तो देवळाशेजारच्या सभागृहात दाराच्या वर कायमचा टांगला. लाविनियानं सगळ्या बायकांना उभं करून समजावून सांगितलं होतं, की बघा, इकडे आत्या मोठी, म्हणून तिकडे लांब तो छोटा पांढरा केक, आणि तोल कसा राहिलाय. बस, एवढं बोलणं गावाला पुरलं. दुसऱ्या दिवशी कालो कुंपणावरून म्हणाली, "फूसीला तराजूत घातलंन म्हणे. दुसऱ्या पारड्यात केक." मग कुणीतरी म्हणालं, त्या घरात आता केकच थोरला, मधोमध तोच बसतो. केक मधोमध नव्हता. पण त्याचं कुणाला पडलं होतं.

स्तुती करणारे वेगळे. त्यांची स्तुती पिसिलाला जास्त लागायची. उपासना संपली की कुणी ना कुणी त्या फोटोखाली थांबून म्हणायचं, काय हात आहे हो तुमचा. ती मान खाली घालायची, आणि लोकांना वाटायचं, केवढी विनयशील बाई.

पुडकं परत आलं त्या संध्याकाळी तिनं नवऱ्यापाशी विषय काढला. लिसिआते रताळ्याच्या वेलाची मुळं साफ करत होता. तिनं त्याला दोऱ्यांचं सगळं समजावलं. म्हणाली, अहो, तिथे बसवणं म्हणजे मान कमी करणं नाही, उलट बघणाऱ्याचा डोळा आधी तिथेच जातो, चित्रात मानाची जागा तीच. लिसिआतेनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डोळा कुठे जातो ते मला नाही माहीत. कोण कुठे बसलंय ते मला दिसतं."

ती म्हणाली, तुम्ही एकदा वन्संना बोलून बघा. तो हसलासुद्धा नाही. बहिणीच्या दारात जाऊन तिच्याच मानाची वकिली करायला तो उभा राहिला असता, तर फोटोपेक्षा मोठी गोष्ट झाली असती. तो नुसता म्हणाला, "हे काम माझं नाही." आणि परत मुळं झाडायला लागला.

आठवडाभर ती स्वतःला तेच समजावत राहिली. वर्गात शिकवलं ते मी केलं. चांगला फोटो यावा म्हणून केलं. पोरीसाठी केलं. रोज संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत लिसिआते मोठ्यानं देवाकडे क्षमा मागायचा, सगळ्यांच्या वतीनं, नाव न घेता, आणि तिला मात्र डोळे मिटले की तो क्षण दिसायचा. फोटो दिसायचा नाही. त्याच्या आधीचा क्षण दिसायचा.

आता पानं पुढ्यात ठेवून ती तोच क्षण बघत बसली. कॅमेरा डोळ्याला होता. चौकटीत वन्सं होत्या. वन्सं, ज्यांच्यासमोर ती नेहमी खाली बसली, ज्यांच्या आधी कधी घास घेतला नाही, ज्यांनी तिच्या पहिल्या बाळंतपणात येऊन तिनं रांधलेली रताळी चाखून काही न बोलता बाजूला सारली होती. आणि तिच्या तोंडून "सरकता का" निघालं, त्या वेळी तिला नीट ठाऊक होतं आपण काय बोलतोय. दोरे ठाऊक होते, उजेड ठाऊक होता, आणि हेही. आत कुठेतरी गोड लागलं होतं. एकदा तरी वन्संना ऊठ म्हणायला मिळालं, आणि तेही असं, की कुणी तोंड उघडू शकणार नाही, कारण हातात कॅमेरा आहे. आणि वन्सं उठल्या होत्या, गुडघ्यांवर हात टेकून, हळूहळू.

तिनं नारळाच्या दुधाचे हात कमरेच्या कापडाला पुसले. पानांवर ओलं फडकं टाकलं आणि निघाली.

फूसी ओसरीत चटई विणत होती. पिसिला ओसरीत चढली नाही. खालच्या पायरीपाशी, मातीतच, पाय दुमडून बसली. फूसीनं मान वर केली नाही. पानांच्या पट्ट्या एकीवर एक चालूच राहिल्या.

आतून तिच्या नवऱ्यानं विचारलं, कोण आलंय. फूसी म्हणाली, फोटोवाली.

पिसिलानं वाटेत जे जुळवून आणलं होतं, दोऱ्यांचं, उजेडाचं, ते तिच्या तोंडातच आलं नाही. ती म्हणाली, "वन्सं, फोटोसाठी नाही सरकवलं तुम्हाला."

"मग?"

"सरकवता आलं म्हणून."

पट्ट्या थांबल्या. पिसिला मातीकडे बघत होती. एक मुंगी पट्टीचा तुकडा ओढत होती, आणि तिच्या मनात आलं की या क्षणीसुद्धा आपण ती मुंगी कुठल्या दोऱ्यावर आहे ते बघतोय. त्याचीही तिला शरम वाटली.

"ते मला तेव्हाच कळलं होतं," फूसी म्हणाली. "तुझा आवाज बदलला होता. मला वाटलं, ही कधी कबूल नाही करायची. फोटो, फोटो म्हणत मरेल."

पिसिला रडली. फूसीनं रडू दिलं, मध्ये पडली नाही. जरा वेळानं पिसिला नाक पुसत म्हणाली, मी आजच सभागृहात जाऊन तो फोटो उतरवते, पाळकबाईंना काय ते सांगते.

"काही नाही उतरवायचा." फूसीनं पट्टी दातात धरून चिरली. "उतरवलास तर लोक म्हणतील, फूसीनं उतरवायला लावला. एवढीशी खुर्ची हलली तर बाई रुसली म्हणतील. तिथेच राहू दे."

"पण वन्सं, मला तो रोज—"

"हो. तुला दिसू दे."

तो फोटो दर रविवारी दारावर असणार, कुणीतरी त्याखाली थांबून हाताची तारीफ करणार आणि तिला ती ऐकून घ्यावी लागणार. सियालेची मुलं मोठी होईपर्यंत.

फूसी पुन्हा विणायला लागली होती. जरा हळू आवाजात म्हणाली, की फोटो वाईट नाहीये, गाल बरे आलेत. म्हातारा तर म्हणाला, लग्नात अशी दिसली असतीस तर मी पळून गेलो नसतो. आतून म्हातारा ओरडला, मी कधी पळून गेलो नव्हतो. फूसी म्हणाली, मनानं गेला होतास.

मग तिनं विचारलं, पोरगी बुधवारीच निघतेय ना. पिसिलानं मान हलवली. "मंगळवारी इकडे पाठव तिला. आईची चटई उन्हात टाकलीय मी." ओसरीच्या दोरीवर ती जुनी, बारीक विणीची, मधाच्या रंगाची चटई खरंच वाळत होती. पिसिला इतका वेळ समोर बसली होती आणि तिला ती दिसली नव्हती.

ती उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागून फूसीचा आवाज आला.

"आणि उद्याचं पुडकं मोठं बांध. मागच्या रविवारी आम्ही बिस्किटं खाल्ली चहात बुडवून. म्हातारा अजून कुरकुरतोय."

घरी निम्मी पानं ओल्या फडक्याखाली पडली होती, आणि मांसाचा शेवटचा डबा ती सकाळीच फोडून बसली होती, त्यात मोठं पुडकं होण्याइतकं उरलं नव्हतं. उद्या रविवार, गावात एकही दुकान उघडत नाही. कोपऱ्यावरचं दुकान बंद व्हायच्या आत तिला वन्संच्या पुडक्यासाठी मांसाचा एक डबा आणायचा होता.