काकांनी पास केलेली जीप

चाक असलेल्या एकाही वस्तूवर विश्वास न ठेवता आयुष्य सुखाने काढलेला माणूस उभ्या भारतात एकच असेल, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आगगाडी, रिक्षा, भाजीवाल्याचा ठेला, शेजारच्या बाळाचा पांगुळगाडा, काकांच्या लेखी सगळे एकाच माळेतले. काका मूळचे भुसावळचे, पण बदली होऊन जयपूरला आले आणि तिथलेच झाले. सारी नोकरी रेल्वेत डबे तपासण्यात गेली. गाडी फलाटाला लागली की हे लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकाचाकावर ठोका मारत निघायचे. आवाज खणखणीत आला तर चाक शाबूत, बद्द आला तर कुठेतरी तडा. डबा पसंत पडला की त्यावर खडूने बरोबरची खूण. निवृत्तीच्या दिवशी हातोडी रेल्वेने परत घेतली, पण सवय कोण परत घेणार? खडूचा तुकडा तर अजून शर्टाच्या खिशात असतो, आणि मावशी धुण्याच्या वेळी रोज त्याच्या नावाने कपाळाला हात लावते.

राजा पार्कला जायचं म्हणून काका रिक्षा थांबवायचे आणि बसायच्या आधी घराच्या किल्लीने तिची तिन्ही चाकं वाजवून बघायचे. रिक्षावाला आधी हसायचा, मग वैतागायचा. एकाने शेवटी विचारलंच, "बाबूजी, बैठना है कि खरीदना है?" काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, घाई करतोय. ज्याला काही लपवायचं असतं ना, तोच घाई करतो." तोवर तो माणूस रिक्षा घेऊन निघूनही गेला होता. काकांना याचं वाईट वाटलं नाही. आपला संशय खरा ठरला याच आनंदात ते चालत निघाले, आणि मावशी पिशवी घेऊन मागून.

आता एवढा चिकित्सक माणूस जावयाच्या बाबतीत काय करेल हे सांगायला नको. माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, हिने चौमूंच्या एका मुलाशी स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा चांगला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, स्वतःची जीप. काकांनी विरोध केला नाही, फक्त त्याला पासही केलं नाही. चौमूं जयपूरहून तासाभरावर, पण काकांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. जावई दर सणाला जीप घेऊन न्यायला यायचा, हसून वाकून पाया पडायचा, "पापाजी, पधारो" म्हणायचा, आणि काका गच्चीवर पाण्याची टाकी बघायला जायचे. मी एकदा विचारलं, "काका, त्याच्यात खोट काय आहे?" ते म्हणाले, "तेच तर सापडत नाही. सदा हसतो, सदा गोड बोलतो. खरा माणूस एखाद वेळी तरी चिडतो." ताईही त्यांचीच लेक. बाबा माझ्या घरी येत नाहीत तर मी का जाऊ, म्हणून तिने पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी केलं नाही. मुलगी झाली. मावशी एकटी बसने जाऊन बघून आली आणि येताना रस्ताभर रडली. मग ताईचा फोन आला: "बाबा आले तरच बारसं होईल. नाही आले तर, मतलब, पोरीला बिननावाचीच वाढवीन." मावशी मला म्हणाली, "तूच काहीतरी कर बाबा. तुझं ऐकतात ते. त्या कॉम्प्युटरवरच्या खेळात तरी ऐकतात."

खेळात ऐकतात हाही तिचा गैरसमजच होता. तेव्हा मी मालवीय नगरातल्या एका कंपनीत नवीन लागलो होतो आणि मावशीकडे राहत होतो. पहिल्या पगारातून कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर एक लढाईचा खेळ टाकला. भलंमोठं बेट, त्यावर शत्रूची फौज, आणि कुठेही जायला आपण मोकळे. जीप, ट्रक, रणगाडा, जे दिसेल त्यात बसायचं आणि निघायचं. काका पेपर वाचण्याच्या मिषाने मागे बसायचे. एकदा पेपराआडून आवाज आला, "ती जीप कुणाची?" मी म्हणालो, "कुणाचीच नाही. घ्यायची आणि जायचं." "किल्ली लावून ठेवलीय? भर रस्त्यात?" "हो." "मग बसू नकोस." मी बसलो. तेवढ्यात वळणावरून रणगाडा आला आणि मी जीपसकट उडालो. त्याचा आणि किल्लीचा काडीचाही संबंध नव्हता, पण काकांनी पेपराची घडी केली आणि म्हणाले, "ऊठ. मी बघतो."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळचा चहा झाला की कॉम्प्युटर काकांचा. जीप दिसली की आधी तिला प्रदक्षिणा. मग बंदुकीचा दस्ता चाकावर ठोकायचा आणि कान स्पीकरला लावायचा. त्या आवाजाने शत्रू गोळा व्हायचे ते वेगळंच, पण इतके ठोके खाऊन जीपमधून धूर निघायला लागायचा, आणि काका विजयी मुद्रेने म्हणायचे, "बघ, नादुरुस्तच होती." मग पायी. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी प्रवास करणारा त्या खेळातला तो बहुधा एकमेव सैनिक असेल. मी परोपरीने सांगायचो, पळायला जीप घ्या, फाटक तोडायला रणगाडा घ्या, शत्रूचीच गाडी घेतलीत तर चौकीवर ओळखत नाहीत, सलाम करून सोडतात. या शेवटच्यावर ते लगेच सावरून बसले. "म्हणजे बाहेरून आपला वाटतो, तो आत कोण असेल सांगता येत नाही. मी वेगळं काय सांगतोय?" विषय पुन्हा चौमूंला जाऊन पोचला.

आणि मग आली ती घाटातली कामगिरी. जीपच्या मागे मोठी मशीनगन बसवलेली, दोन्ही बाजूंनी शत्रू. एकाने चालवायची, एकाने गन धरायची. खेळानेच एक साथीदार दिलेला, एक निमूट पोरगा, बिचारा दर वेळी जीपपाशी येऊन उभा राहायचा. काका त्याला बाजूला सारून स्वतः स्टिअरिंगवर बसायचे, गन रिकामी राहायची, आणि मरायचे. नाहीतर उभ्या जीपवर चढून एकटेच गन चालवायचे, आणि मरायचे. "काका, त्याला चालवू द्या हो." "तो कोण, कुठला? त्याच्या हातात गाडी देऊन मी मागे तोंड करून बसू?" असं कितीतरी संध्याकाळी चाललं. बारशाच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मावशी आतल्या खोलीत फक्त स्वतःच्या साडीला इस्त्री करत होती. तिने काकांना विचारायचंही सोडून दिलं होतं. काकांनी एकदा त्या खोलीकडे बघितलं, मग गनवर चढले. पोरगा स्टिअरिंगवर बसला. एका दगडाला धडकला, गाडी मागे घेतली, पुन्हा निघाला. काकांना रस्ता दिसत नव्हता, दिसत होते ते फक्त मागून येणारे शत्रू. घाट पार झाला.

काका म्हणाले, "एकदा धडकला."

"हो."

"पण सावरली त्याने." मग म्हणाले, "उद्याला माझा तो पांढरा शर्ट आहे का, विचार मावशीला." मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण संशय आला असता.

दुसऱ्या दिवशी जावई आला. काका पांढऱ्या शर्टात खाली उतरले आणि खिळे ठोकायची हातोडी घेऊन जीपची चाकं वाजवायला लागले. एक झालं, दुसरं झालं. मग वाकून खाली बघितलं. मग पहिल्यापासून पुन्हा. मावशी साडीचा पदर मुठीत धरून उभी. गल्ली गोळा झाली. जावयाचं हसू हळूहळू मावळलं, आणि तो चक्क कडक आवाजात म्हणाला, "पापाजी, उधर मेहमान बैठे हैं, बच्ची भूखी है. पास करना है तो करो, नहीं तो मैं मम्मीजी को लेकर जाता हूँ." मावशीने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. काका सरळ झाले, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. खिशातून खडू काढला, जीपच्या मागच्या फळीवर बरोबरची खूण केली आणि जाऊन पुढे, जावयाच्या शेजारी बसले. चौमूं येईपर्यंत ते पायाने नसलेला ब्रेक दाबत होते, हे मी मागून बघितलं आहे. बारशात ताई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि काकांनी पाळणा तेवढा हलवून बघितला.

पुढे मी पुण्याला आलो. मध्यंतरी चौमूंला गेलो होतो. काका-मावशी आता लेकीकडेच असतात. काकांना ऐकू येत नाही, कोणताच ठोका पोचत नाही. जीप अंगणात उभी होती, रंग उडालेली, पण मागच्या फळीवर खूण तशीच, फक्त खडूची नाही. जावयाने तेव्हाच, पुसली जायच्या आधी, पांढऱ्या ऑइलपेंटने तिच्यावर हात फिरवून ठेवला होता. मी काकांना ती बोटाने दाखवली. ते जवळ गेले, बारीक डोळे करून बघितलं आणि म्हणाले, "ही माझी नाही. माझी इतकी जाड नसते. कुणीतरी गिरवलीय." जावई शेजारी उभा होता, तो दुसरीकडे बघायला लागला. काकांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं, मग चाकावर हातोडीऐवजी तळहात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि दार उघडून नेहमीच्या जागी बसले. कुठे जायचंय हे त्यांनी विचारलं नाही.