चुकून आलेला बँड

बायको चिंचेने पितळी घंगाळ घासायला बसली की तो आंबट वास येतो आणि मला माझ्या लग्नातलं चकचकीत ट्रंपेट आठवतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. खांडबाऱ्याजवळच्या तिच्या गावी मी मुंडावळ्या बांधून मारुतीच्या पारावर बसलो होतो. वाजंत्री आल्याशिवाय नवरदेवाने पारावरून उठायचं नाही ही आमची रीत, आणि मुहूर्त जवळ आला तरी नंदुरबारहून येणाऱ्या बँडचा पत्ता नव्हता. एवढ्यात स्टेशनवर गेलेल्या बैलगाड्या धुरळा उडवत आल्या. "आप्पा, बँडवालास्ले लई उनू!" बँडवाल्यांना घेऊन आल्याचं पुढच्या गाडीवानाने सासऱ्यांना ओरडून सांगितलं. उतरले ते कोट-टाय घातलेले बारा-तेरा गोवेकर! बडोद्याहून नागपूरच्या क्लबात जॅझ वाजवायला निघालेले ते लोक इंजिन बिघडल्यामुळे फलाटावर अडकले होते. गाडीवानाने त्यांची पितळी वाद्यं पाहिली आणि जेवणाचं सांगून सगळ्यांना गाड्यांत बसवलं. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, "वाजाडा भाऊ, नवरदेव बठेल शे." आमची गाणी त्यांना येत नव्हती. त्यांनी आपलंच काहीतरी उसळतं वाजवलं आणि शंभर पावलांवरच्या मांडवात पोहोचायला आम्हाला तास लागला. मुहूर्त टळला, पण कुणी नाचायचं थांबेना. एका म्हातारीने सॅक्सोफोनला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात आमचा ठरलेला बँड उशिराच्या गाडीने उतरून धापा टाकत आला. त्यांनी जरा वेळ ऐकलं, वाद्यं एका ओट्यावर ठेवली आणि ते नाचणाऱ्यांत शिरले. परवा नातवाच्या लग्नात मी बँडवाल्यांच्या पायांकडेच बघत होतो. एकाचाही पाय हलला नाही, म्हणून मीच नाचलो.