केकचा काटा

बंदुकीतलं मला फारसं कळत नाही, तरी लिहितोय, माफ करा. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात युनिव्हर्सिटी सांभाळून मी एका बंदुकांच्या दुकानात काम करतो. तिथे एक म्हातारा शेतकरी घरी काडतुसं भरण्याचं सामान घ्यायला आला. प्रत्येक किंमत ऐकून तो टोपी मागे सरकवायचा. बंदुकीची दारू मोजायचा काटा मात्र त्याने परत ठेवला.

"सुरुवातीलाच एवढा खर्च? बायकोचा केकचा काटा आहे की, मेट."

"दारू जास्त पडली तर बंदूक फुटेल," मी चाचरत म्हणालो.

"नो वरीज," म्हणत तो गेला.

मग दुकानातला फोन वाजला की बंदूक फुटल्याची बातमी असेल म्हणून मी तो मालकालाच उचलायला लावायचो.

शेवटी मालकाने सांगितलं, त्या शेतकऱ्याच्या बायकोने केकचा काटा दिलाच नाही. तो महागडा काटा ती स्वतः येऊन घेऊन गेली.