चाळीची अनुक्रमणिका

आमच्या लालबागच्या चाळीत दत्ताराम परबांइतका व्यवस्थित माणूस दुसरा नव्हता, आणि डोक्याला तापही दुसरा नव्हता. गिरणी संपात मागावरची नोकरी गेली तेव्हा ते गिरगावात एका बाइंडरकडे पुस्तकं शिवायला लागले. वीस वर्षं पुस्तकं हाताळून त्यांचं ठाम मत झालं, की जे अनुक्रमणिकेत नाही ते जगात नाही.

चाळ पाडायचं ठरलं तेव्हा परब सत्तरीत होते. महिनाअखेर खोल्या सोडायच्या होत्या. बिऱ्हाडं पांगण्याआधी त्यांनी मोबाइलवर चाळीची वही सुरू केली. प्रत्येक खोलीला मथळा, वर सगळ्या मथळ्यांची यादी. यादीत खोलीच्या नंबरवर बोट ठेवलं की थेट त्या घरात. चाळ सोडून गेलेल्यांचीही पानं होती, एकमेकांना लिंक लावलेली. जिन्यात गाठून ते मला हे दाखवत बसायचे. त्यापायी माझं दोनदा दूध उतू गेलं.

त्यांच्या बायकोची, रखमाकाकूंची, एकच इच्छा होती. सदतीस नंबरातली कालिंदी. संपात दोघींचे नवरे गावी गेले, तेव्हा या दोघींनी एका स्टोव्हवर दोन घरं जेववली होती. पुढे कालिंदीचं बिऱ्हाड हललं आणि गाठभेट तुटली. खोली सोडण्याआधी तिला एकदा आपल्याकडे जेवायला बसवायचं, एवढंच काकूंचं म्हणणं होतं.

त्यात काय मोठं, असं म्हणत परबांनी सदतीसवर बोट ठेवलं. ‘धोंडू सावंत, वारले. पत्नी, एक मुलगी. पत्ता नाही.’ कालिंदी हे नाव अख्ख्या वहीत नव्हतं. मग काकूंनी चष्मा लावला आणि स्वतःची खोली उघडायला सांगितली. ‘चौदा नंबर. दत्ताराम परब. पत्नी, दोन मुलगे.’

“ह्यात माजा नाव खंय आसा?” काकूंनी शांतपणे विचारलं.

परब यादी वरखाली सरकवत राहिले. मी दारातच उभी होते. खोटं कशाला बोलू, मला मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्या दुपारी गॅलरीत आम्ही तांदूळ निवडत होतो. परब मोबाइल घेऊन आमच्यात येऊन बसले. तुमचं नाव काय, माहेर कुठलं, मुली कुठे दिल्या, असं प्रत्येकीला विचारू लागले. आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो, त्यांची बोटं दमली. तिसऱ्या मजल्यावरच्या तुळसाला ठाऊक होतं, की कालिंदीच्या मुलीनं, शांतीनं, कोळ्याच्या मुलाशी लग्न केलं आणि आईला शीव कोळीवाड्यात आपल्याजवळ नेलं. इतकी वर्षं कालिंदी बसनं अर्ध्या तासावर होती, आणि हे बायकांना विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

रविवारी ती ताजे बोंबील घेऊन आली. शेगडीला दोन बर्नर असून दोघींनी एकच पेटवला. जेवणं झाल्यावर तिला वहीतलं तिचं नाव बघायचं होतं. परबांनी दाखवलं, मग हळूच चौदा नंबरही उघडून काकूंपुढे धरला. ‘रखमा परब. पती, दोन मुलगे.’

काकूंनी ते दोनदा वाचलं. “ह्या काय? तुमचा नाव घाला की,” त्या म्हणाल्या.

परब म्हणाले, “तू सांग, मी घालतो.”

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. काकूंनी कालिंदीकडे पाहिलं, पदर सारखा केला.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “दत्ताराम.”

पन्नास वर्षांच्या संसारात उखाण्याशिवाय हे नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं. परबांना ते टाइप करायला फार वेळ लागला.